तीन मिनिटं त्यांची

लग्नघरात आधी हॉल ठरतो, मग जेवण ठरतं, शालू-शेरवानी होते, आणि एका रात्री ताटं उचलल्यावर कुणीतरी विचारतं, "गाणं ठरलं का?" गाणं म्हणजे संगीताला किंवा रिसेप्शनला नवरानवरी दोघंच ज्यावर नाचतात ते. ठाण्यात, कल्याणात, आमच्या डोंबिवलीत आता कितीतरी लग्नांत ते असतं. तुमच्या घरी यंदा कार्य असेल तर हा प्रश्न तुमच्याही पुढ्यात येईल. तो यायच्या आधी तुमच्याशी थोडं बोलायचं आहे. मी दोन मुलांची लग्नं केली. पहिल्या वेळी चुकले, दुसऱ्या वेळी चुकता चुकता सावरले.

थोरल्याचं लग्न डिसेंबर २०१९मधलं. त्याचं गाणं मी ठरवलं. 'शुक्रतारा'. त्यामागे माझं कारण होतं. आमचं लग्न ठरलं १९८९ साली आणि त्यानंतर हे आणि मी पहिल्यांदा बाहेर गेलो ते गडकरी रंगायतनला, अरुण दातेंच्या कार्यक्रमाला. सोबत म्हणून धाकटी बहीण होती. कार्यक्रम सुटल्यावर तलावपाळीला उभं राहून तिघांनी भेळ खाल्ली आणि परतीच्या गाडीत हे काहीच बोलले नाहीत, फक्त गुणगुणत होते. पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल, दाते आणि सुधा मल्होत्रांचे आवाज. माझ्या संसाराची सुरुवात मला त्या गाण्यापासूनच झाल्यासारखी वाटते. दाते २०१८च्या मे महिन्यात गेले, तेव्हापासून तर ते गाणं मुलाच्या लग्नात वाजावं असं माझ्या मनाने घेतलंच होतं. मुलाला सांगितलं. तो "चालेल आई" म्हणाला. लहानपणापासून तो "चालेल आई" म्हणतो, आणि मी तेवढ्यावर भागवते.

त्या नाचाचा व्हिडिओ मी पुढे कितीतरी वेळा पाहिला. पहिले काही महिने त्यात मला फक्त गाणं ऐकू यायचं. मग एकदा आवाज बंद करून पाहिला. मुलाची नजर जमिनीवर, ओठ हलताहेत, पण शब्द गाण्याचे नाहीत. तो मोजतोय, एक, दोन, तीन, चार. आणि सून? वळताना, थांबताना, हात वर नेताना, दर वेळी तिची नजर एकाच दिशेला. पहिल्या रांगेत. माझ्याकडे. सासूला आवडतंय ना, हे ती बघत होती. स्वतःच्या लग्नात, नवऱ्याच्या हातात हात असताना.

दोन वर्षांनी भाजी निवडता निवडता ती सहज बोलून गेली की त्यांचंही एक गाणं होतं. ती पुण्याची. हा दर शनिवारी कल्याणहून गाडी पकडून पुण्याला जायचा. 'मुंबई-पुणे-मुंबई' सिनेमातलं 'कधी तू' ती त्याला गाडी घाटात शिरली की फोनवर लावून ऐकवायची, आणि बोगदा आला की फोन तुटायचा. तक्रारीचा सूर नव्हता तिचा. पण मला हातातली मेथीची जुडी खाली ठेवावी लागली. मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील, मुळात हे आपलं नव्हेच, सिनेमातून आलेलं खूळ आहे. मलाही तसं वाटायचं. पण आपल्या या भागातल्या लग्नांकडे जरा मागे वळून बघा. ठाणे-पालघरच्या वारली पाड्यांवर लग्नचौक सवाशिणी लिहितात आणि लग्न लावते धवलेरी, गाऊन. आगरी-कोळ्यांच्या हळदीत धवलारीण असते. या बायका गातात ते 'धवळे' किती जुने म्हणाल, तर तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे गायले, आणि मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो. म्हणजे आपल्या भाषेतल्या पहिल्या कवयित्रीची ओळखच लग्नाच्या गाण्यांनी झाली. ठाणे-वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून विहिरीवर 'उंबराचं पाणी' आणायला जातात, आणि नवरानवरीने सगळ्यांदेखत पहिला वॉल्ट्झ नाचणं हे गोव्याच्या आणि मुंबईकडच्या ख्रिस्ती लग्नांना नवीन नाही. आमच्याकडे मंगलाष्टकं असायची, छापून वाटलेली. माझ्या लग्नात आत्याने रचली होती. गुलाबी कागद, शार्दूलविक्रीडित, ओळीला एकोणीस अक्षरं, आणि त्यात माहेर-सासरची दोन्ही आडनावं बसवताना तिने महिनाभर घरातल्या सगळ्यांना वेठीस धरलं होतं. तो कागद माझ्याकडे अजून आहे. त्यातलं काव्य फार थोर नसेल, पण ती मंगलाष्टकं दुसऱ्या कुणाच्याही लग्नात म्हणता आली नसती. लग्नातल्या गाण्याकडून मला आता एवढंच हवं असतं.

राहिला चारचौघांत कमरेवर हात ठेवण्याचा प्रश्न. तो मला फार सतावत होता, विशेषतः सासूबाईंमुळे. त्यांचं वय शहाऐंशी. लेकीच्या वेळी मी भीत भीत त्यांना म्हटलं, की अहो, ती दोघं नाचणार आहेत, जरा जवळ येऊन. त्या म्हणाल्या, "म्हणजे विडा तोडणार का?" मला आधी कळेना. मग त्यांनी सांगितलं. सतरा वर्षांच्या होत्या, कल्याणच्या वाड्यात लग्न. विड्याचं एक टोक नवरीने दातात धरायचं आणि दुसरं टोक नवऱ्याने दातांनी तोडायचं, भोवती दोन्ही घरची माणसं, थोरले दीर, मामेसासरे, सगळे. मग एकमेकांच्या मुठीतली सुपारी सोडवायची. झेंडा नाचवायचा म्हणजे नवरानवरीला उचलून घेऊन वाजंत्र्यांच्या तालावर नाचायचं. "तोंडाजवळ तोंड आलं तेव्हा मी तुझ्या सासऱ्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं," सासूबाई म्हणाल्या. मी गप्प झाले. अनोळखी दोन जीवांची भीड चेपावी म्हणूनच आपल्या आज्या-पणज्यांनी ते खेळ ठेवले होते. ते आपण बंद केले आणि ती जागा रिकामी राहिली.

आता लेकीचं लग्न. यंदाच्या फेब्रुवारीतलं. जावई मानपाड्याच्या पुढच्या एका गावातले, आगरी. आमची जात वेगळी. होकार द्यायला आम्ही वर्ष लावलं, हे लपवण्यात अर्थ नाही. होकारानंतर मात्र सगळं सुरळीत चाललं होतं. जानेवारीत एका रात्री मी पाणी प्यायला उठले, तर बाहेरच्या खोलीत दिवा. सोफा भिंतीला सरकवलेला, टीपॉय उभं करून ठेवलेलं. ती दोघं सराव करत होती. आवाज मोठा यावा म्हणून फोन स्टीलच्या पेल्यात उभा केलेला, खालच्या आजोबांची झोपमोड नको म्हणून पायांत मोजे. आठ-दहा पावलांची जागा. कोपऱ्यात तो दर वेळी तिला शोकेसच्या कडेपासून हाताने वाचवत होता. मी दारातच उभी राहिले. मग गाणं कानावर आलं आणि छातीत धस्स झालं. 'सैराट'मधलं 'याड लागलं'.

तुम्ही सिनेमा पाहिला असेल तर मला काय झालं ते तुम्हाला समजेल. त्या दोघांचं शेवटी काय होतं? आणि आमचंही दोन जातींचं लग्न. मला तो अपशकुन वाटला. मी दिवा मोठा केला आणि म्हटलं, "दुसरं काहीही घ्या, हे नको."

लेक चिडली. आत निघून गेली. जावई, तेव्हा अजून व्हायचे होते, मोजे काढून शांतपणे सोफ्यावर बसले. म्हणाले, "काकू, एक सांगू का?" आणि त्यांनी सांगितलं. सिनेमा आला एप्रिल २०१६च्या अखेरीस. कल्याणला एकाच कॉलेजात ही सहा-सात मुलं, सुट्टीतली, मिळून पाहायला गेलेली. शेवटची काही मिनिटं पडद्यावर आवाजच नाही. बाहेर पडल्यावरही कुणाला बोलवेना. सगळे चालत काळ्या तलावाच्या काठाशी जाऊन बसले. अंधार पडला तसे एकेक उठून गेले, ही दोघं राहिली. तोवर त्यांच्यात मैत्रीपलीकडे काही नव्हतं. त्या संध्याकाळी ती त्याला म्हणाली की आपल्या घरी असं झालं तर? आणि 'आपल्या' म्हणाल्यावर दोघंही दचकली.

"सिनेमात ती दोघं रजिस्टर लग्न करतात," ते म्हणाले, "पण घरचं कुणी नसतं तिथे. आमच्या वेळी तुम्ही सगळे समोर बसणार आहात. म्हणून हेच गाणं घेतलंय काकू."

मी ते गाणं आतापर्यंत रस्त्यावर, मंडपात, रिक्षात शंभरदा ऐकलं असेल. त्या रात्री पहिल्यांदा नीट बसून ऐकलं, पेल्यातूनच. सुरुवातीला व्हायोलिनं भरून येतात, अजय-अतुल यांनी त्या सिनेमाचा वाद्यमेळ अमेरिकेत, हॉलिवूडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला होता म्हणे. मला त्यातलं शास्त्र कळत नाही. पण एका खेड्यातल्या पोराच्या वेडाला एवढा थाट द्यावा असं कुणाला तरी वाटलं, हे कळलं.

तरीही मी माझं म्हणणं मागे घेतलं नाही, हे मुद्दाम सांगते. मी त्यांना म्हटलं, मला भीती वाटते, ती मी सांगितली. आता तुम्ही दोघं दोन दिवस विचार करा आणि मला कळवा. त्यांनी खरंच विचार केला. तिसऱ्या दिवशी लेकीने सांगितलं की गाणं तेच राहील. मी बरं म्हटलं आणि तो विषय माझ्यापुरता मिटवला. आईबापांनी मनातलं बोलूच नये असं मी म्हणत नाही. एकदा बोलावं, स्पष्ट बोलावं, आणि मग नातेवाइकांकरवी, उसासे टाकून, "तुमची मर्जी" म्हणून तेच पुन्हा पुन्हा बोलत राहू नये. लग्न झाल्यावर घर, पैसा, मूल यांवर त्या दोघांना कितीतरी निर्णय घ्यायचे असतात, आणि प्रत्येकाच्या भोवती आपण उभे असणारच. हा एक तीन मिनिटांचा निर्णय त्यांना दोघांत बसून घेता आला, तर पुढच्यांचाही सराव होतो.

तुम्ही मदत करू शकाल अशाही गोष्टी आहेत. शब्द ऐकायला सांगा, सबंध गाण्याचे. चाल गोड असते आणि आत ताटातूट असते. इंग्रजी गाण्यांत तर फारच फसगत होते. 'एव्हरी ब्रेथ यू टेक' हे १९८३चं गाणं जगभर लग्नांत वाजतं, आणि आहे ते सोडून गेलेल्या बाईवर डोळा ठेवून असलेल्या माणसाचं. शब्द कळूनही मुलांना तेच हवं असेल तर हवं. पण कळलेले असावेत.

नाच बसवणारी मुलगी आमच्याकडे यायची, तिने एक छान गोष्ट दाखवली. वॉल्ट्झ तीन मात्रांत मोजतात, आणि आपला दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनचे दोन भाग. म्हणजे दादऱ्यातल्या कुठल्याही मराठी भावगीतावर ती साधी झुलती पावलं आपोआप बसतात. केहरवा आठ मात्रांचा, त्यावर सरळ चालत येणं, वळणं सोपं जातं. मुलं नाचरी नसतील तर आधी ताल बघा, गिरक्या नकोतच. आणि नेसायचं काय आहे ते पाहून पावलं ठरवा. नऊवारीत पाय मोकळे असतात, सहावारी शालूत निऱ्या पायात येतात. सरावाला लेकीने माझी जुनी जड साडी नेसावी असा मी आग्रह धरला, आणि तो एक आग्रह सगळ्यांनी मानला.

गाणं पाच-सहा मिनिटांचं असतं, सबंध वाजवलं तर तिसऱ्या मिनिटाला दोघांनाही काय करावं सुचत नाही. अडीच-तीन मिनिटांचं करून घ्या, आणि कापलेली फाइल पेन ड्राइव्हवर घालून स्वतः साउंडवाल्याच्या हातात द्या. माझ्या एका मैत्रिणीकडे साउंडवाल्याने ऐनवेळी इंटरनेटवरून शोधून भलतंच रिमिक्स लावलं. मुलगी स्टेजवर रडवेली झाली, आणि तिला धीर द्यायचा सोडून दोन्हीकडची मोठी माणसं त्या माणसाशी भांडत राहिली. घड्याळावरही लक्ष हवं. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. आपल्याकडे रिसेप्शनला माणसं लोकलच्या हिशेबाने येतात, साडेआठनंतर रांग लागते, फोटो संपत नाहीत, आणि मुलांचा नाच ढकलत ढकलत पावणेदहाला जातो. तो रांगेच्या आधी घ्या. बाकी कॉपीराइट कायद्यात लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांत गाणी वाजवायला मोकळीक आहे, पण तोच व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला की आवाज गायब होऊ शकतो. तेव्हा एक प्रत घरात जपून ठेवा.

आणि एखाद्या मुलाला नाचायचंच नसेल तर? माझ्या भाच्याला माणसांसमोर घाम फुटतो. त्याने आणि त्याच्या बायकोने नाच केला नाही. तिने उखाणा घेतला, त्याने तिला जिलबीचा घास भरवला, आणि मागे त्यांचं गाणं हळू आवाजात चालू होतं. तेवढंच. कुणाला काही कमी वाटलं नाही. मुलाला ढकलून स्टेजवर उभं करू नका. तसंच, 'बाप-लेकीचा नाच' म्हणून अचानक माइकवरून पुकारा करण्याची जी पद्धत पडते आहे, ती तर करूच नका. ज्या मुलीला वडील नाहीत, किंवा आहेत पण बोलत नाहीत, तिच्या पोटात त्या क्षणी काय होत असेल?

हळद त्यांच्या गावी झाली. मांडवात जावयांची आजी माझ्याशेजारी बसली होती. डीजे सुरू व्हायला वेळ होता. मी विचारलं, तुमच्या वेळी कोण गायचं? "धवलारीन," आजी म्हणाल्या, "ती गाना बोलल्याबिगर हलद लागं नाय." मग माझा हात हातात घेऊन त्यांनी बारीक आवाजात दोन-तीन कडवी म्हटली. त्यात मधेच माझ्या लेकीचं नाव आलं. मी चमकून पाहिलं. त्यांनी ते तिथल्या तिथे घातलं होतं.

रिसेप्शन कल्याणच्या हॉलमध्ये. मी हट्टाने नाच आठ वाजता ठेवायला लावला. पहिल्या रांगेत सासूबाई आणि त्या आजी शेजारी शेजारी. व्हायोलिनं सुरू झाली. अठ्ठावीस बाय तीसचं स्टेज, तरी ती दोघं घरातल्या त्याच आठ-दहा पावलांत फिरत होती, आणि एका वळणावर जावयाचा हात सवयीने पुढे आला, शोकेसची कडा अडवायला. तिथे काहीच नव्हतं. लेकीला हसू आवरेना. उरलेला नाच दोघांनी हसतच केला, बरीच पावलं चुकली.

रात्री माणसं ओसरली. साउंडवाला वायरी गुंडाळायला लागला होता. घड्याळात दहाला बारा मिनिटं कमी होती. मी त्याच्याकडे गेले आणि म्हटलं, एकच लाव. नाव सांगितलं. मग मुलाला आणि सुनेला हाक मारली. मुलगा म्हणाला, "आत्ता? कशाला, आई?" मी काही बोलले नाही. गाणं सुरू झालं आणि त्याला कळलं. सून हातातली आहेराची पाकिटं खुर्चीवर ठेवून आली. बसवलेलं काही नव्हतं, मोजायला काही नव्हतं. अर्धा हॉल रिकामा, वाढपी टेबलांवरची कापडं काढत होते. ती दोघं मधल्या जागेत नुसती झुलत राहिली. तो तिच्या कानाशी काहीतरी सांगत होता, घाटातलं असेल. मी पहिल्या रांगेत माझ्या खुर्चीवर होते. सुनेने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.